बॅग उतरवण्याची नोंद : ७.८ किलोंवरून ३.३ किलोंवर

प्रवासातली कॅमेऱ्याची बॅग जड होते, म्हणून अखेर फोटोग्राफीचं सगळं सामान वजनकाट्यावर चढवलं. ७.८ किलो. बऱ्याच विमान कंपन्या केबिनमध्ये ७ किलोच नेऊ देतात, म्हणजे एक सदराही न भरता मी हद्दीबाहेर. हौसेला मोल नसतं म्हणतात, वजन मात्र असतं.

सुटे आकडे असे: सोनी ए७ मार्क ३ बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ६५० ग्रॅम. मग लेन्स. (पुढचे आकडे मिमीतल्या फोकल लेंथचे: लहान म्हणजे रुंद दृश्य, मोठा म्हणजे लांबचं जवळ. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त.) २४-७० एफ/२.८ ची पहिली आवृत्ती ८८६. ७०-२०० एफ/२.८, तीही पहिलीच, १४८०. १६-३५ एफ/४ ५१८ आणि ५० एफ/१.८ १८६. बॉडी आणि लेन्स मिळून ३.७ किलो. उरलेल्या चार किलोंत ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड १.९, फिल्टर-चार्जर-बॅटऱ्या वगैरे ०.६, आणि १.६ किलो ती बॅगच! रिकामी बॅग कधी तोलून पाहावी असं इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. सगळ्यांनी एकदा पाहा.

आता काय काढायचं? नेहमीप्रमाणे परीक्षणं वाचत बसलो असतो तर आणखी एक लेन्स वाढली असती. त्याऐवजी मागच्या तीन प्रवासांचे फोटो डिजिकॅम या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन एक्झिफ चाळलं, म्हणजे कॅमेरा प्रत्येक फोटोत नोंदवतो ती फोकल लेंथ, वेळ वगैरे माहिती. इथे एक चूक आधीच सांगतो. पहिल्यांदा मी सगळ्या फ्रेम मोजल्या. तसं केलं की १६ मिमी आणि २०० मिमी ही दोन टोकंच फुगतात, कारण नव्या जागी पोचल्यावर माणूस आधी सगळं एका चौकटीत कोंबतो आणि मग लांबचं काहीतरी ओढून घेतो. दुसऱ्यांदा फक्त निवडलेले, चार तारे आणि वरचे फोटो मोजले. चित्र पालटलं. माझे ठेवण्याजोगे फोटो बहुतेक ३५ ते १३५ मध्ये पडतात. ७०-२०० एफ/२.८ वर पूर्ण उघडी ठेवून काढलेले आणि निवडीत टिकलेले फोटो तर बोटांवर मोजण्याइतके निघाले. दीड किलो कशासाठी वाहिलं, तर पार्श्वभूमी वितळवण्यासाठी, आणि प्रवासात मला पार्श्वभूमी दिसायलाच हवी असते!

पण खरी गोष्ट फोकल लेंथच्या रकान्यात नव्हती, वेळेच्या रकान्यात होती. प्रत्येक प्रवासात साधारण १२ ते ४ मध्ये कॅमेऱ्याचा एकही फोटो नाही. दुपारचा उजेड कडक असतो, म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. मग त्याच दिवसांचे फोनवरचे फोटो उघडले. त्याच चार तासांत फोनवर भरपूर फोटो आहेत, आणि चांगले आहेत: गल्लीतल्या सावल्या, खिडकीशी बसलेली माणसं. म्हणजे उजेड मला दिसत होता, बॅग खांद्यावरून उतरवायचा कंटाळा होता. एक्झिफ फक्त काढलेले फोटो दाखवतं. न काढलेले असे शोधावे लागतात.

तेव्हा कसोटी बदलली. कोणती लेन्स सर्वांत चांगली हे बाजूला ठेवलं, दुपारी दोन वाजता हातात काय असेल एवढंच धरलं.

उत्तर टॅमरॉनची २८-२०० एफ/२.८-५.६. वजन ५७५ ग्रॅम. हो, सुपरझूम, रुंद ते लांब सगळं एकाच लेन्समध्ये. पाच वर्षांपूर्वी मीही नाक मुरडलं असतं. एका मित्राची दोन आठवडे मागून आणली आणि मग स्वतःची घेतली. तोटे लपवत नाही. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) नाही, सगळी भिस्त बॉडीतल्या यंत्रणेवर, आणि २०० मिमीवर ती यंत्रणा थकते. एफ/२.८ फक्त रुंद टोकाला मिळतं. १५० च्या आसपास एफ/५.६ होतं. म्हणजे माझ्या जुन्या ७०-२०० पेक्षा दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा): जिथे आयएसओ ८०० लागायचं तिथे ३२००. आयएसओ वाढवलं की कमी उजेडात भागतं, पण फोटोत दाणे येतात. या सेन्सरवर ३२०० ला मी घाबरत नाही.

सोबत सोनीची २० एफ/१.८, ३७३ ग्रॅम. रुंद दृश्य आणि रात्र दोन्ही हिच्यावर. १६ मिमी गेलं याचं वाईट वाटलं, पण तीन उभ्या फ्रेम जोडून भागतं. दुधाची तहान ताकावर, पण ताकही वाईट नाही.

एक फायदा ध्यानीमनी नसताना मिळाला. दोन्ही लेन्सना लागणाऱ्या फिल्टरचा व्यास ६७ मिमीच आहे. जुन्या तिन्ही झूमचा ७२, ८२ आणि ७७ होता, त्यामुळे मी ८२ चे फिल्टर आणि ते लहान लेन्सवर बसवायच्या स्टेप-अप रिंगांची माळ घेऊन फिरायचो. आता एक पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर), एक एनडी६४ (उजेड कमी करणारा काळा फिल्टर), संपलं. एनडी६४ म्हणजे ६ स्टॉप: १/६० सेकंदाचं एक्स्पोजर एक सेकंदाचं होतं, वाहतं पाणी मऊ व्हायला तेवढं पुरतं. १० स्टॉपचा एनडी१००० काढून टाकला. शिवाय माझा स्वस्तातला होता आणि प्रत्येक फोटो जांभळट करायचा.

पोलरायझरबद्दल सावध करतो. २० मिमीवर लावून निळं आकाश घेतलं तर आकाशात मधोमध गडद पट्टा आला. हा फिल्टर ध्रुवीकरण झालेला उजेड अडवतो; आकाशात ते सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतं आणि २० मिमीला कर्णात ९४ अंश दिसतात, म्हणजे गडद आणि फिकट दोन्ही भाग एकाच चौकटीत. रुंद लेन्सवर तो पानांची, ओल्या दगडांची चकाकी मारायला ठेवा, आकाशासाठी नको. आणि दीड-दोन स्टॉप उजेड खातो, तेव्हा संध्याकाळी आठवणीने काढा. मी विसरलो. एक अख्खी संध्याकाळ विनाकारण आयएसओ ६४०० वर गेली.

वीज. चार्जर घरी ठेवला, हा कॅमेरा यूएसबी-सीवरून बॅटरी भरून घेतो. वेळ लागतो, पण झोपेत कोण बघतंय. जादा बॅटऱ्या दोन. विमानासाठी हिशोब वॉट-तासांत करा, एमएएचमध्ये नाही: बॅटरी ७.२ व्होल्ट × २.२८ अँपिअर-तास म्हणजे १६.४, २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४. १०० च्या आत साधारणपणे परवानगी विचारावी लागत नाही. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच, खाली द्यायच्या सामानात नाहीत. केबिनची बॅग ऐनवेळी दारात काढून घेतली तर आधी त्या बाहेर काढा. माझी धांदल यातच झाली होती.

कार्डं १२८ जीबीची दोन, दोन्हीवर एकाच वेळी लेखन. कॉम्प्रेस्ड रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) २४ एमबीच्या आसपास, पाच हजारांवर फोटो मावतात. या बॉडीची दुसरी खाच यूएचएस-१ या संथ प्रकारचीच आहे, त्यामुळे एकापाठोपाठ बरेच फोटो काढले की ते कार्डावर उतरायला वेळ लागतो. मला चालतं.

परवा रंगीत तालीम झाली, पहाट ते रात्र, पूर्ण पायी. घरी येऊन पहिलं काम वेळेचा रकाना पाहणं. १२ ते ४ मध्ये ६१ फोटो, त्यातले ४ निवडले. खांदा दुखला नाही. हरलो ते एकाच ठिकाणी: सूर्य बुडाल्यावर पळणारी मुलं, २०० मिमी, एफ/५.६, शटर १/५००, आयएसओ १२८००. पिठासारखा दाणा आलाय. जुनी ७०-२०० असती तर ३२०० वर निघालं असतं, मान्य. पण ती त्या वेळी कुठल्या तरी बाकावर माझ्यासकट बसलेली असती.

ट्रायपॉडचं अजून ठरत नाही. ३.३ किलोंत तो धरलेला नाही. २० मिमीवर श्वास रोखून १/४ सेकंद हातात बऱ्यापैकी साधतं, त्याहून लांब एक्स्पोजरला कठडा आणि खाली दुमडलेलं जाकीट. पण एनडी६४ नेऊन ट्रायपॉड न नेणं म्हणजे फिल्टर नुसता फिरवून आणणं. पुढच्या रविवारी वीतभर उंचीचा टेबलटॉप ट्रायपॉड घेऊन पाण्याकाठी जातोय. २८-२०० पूर्ण ताणली की त्याची मान वाकते का, ते बघायचंय. वाकली तर एनडीही घरीच.