घरून दिलेलं रक्त आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर

साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत फोन केला की लॅबचा माणूस घरी येऊन रक्त नेतो. आतड्याच्या कॅन्सरच्या भीतीने बरेचजण त्याला सीईए, म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाची तपासणी, करायला सांगतात. लवकर निदानासाठी ही तपासणी कामाची नाही. सुरुवातीच्या गाठीत सीईए बहुतेकदा नॉर्मलच येतं, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं कॅन्सर नसतानाही वाढलेलं असू शकतं. ऑपरेशननंतर पेशंटवर लक्ष ठेवायला ती चांगली.

गाठीतून रक्तात सुटलेला डीएनए शोधणाऱ्या ‘शील्ड’ तपासणीला अमेरिकेत जुलै 2024 मध्ये मान्यता मिळाली. अभ्यासात तिने 83 टक्के कॅन्सर पकडले, पण पुढे कॅन्सर होऊ शकणारे वाढलेले पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला उगवणाऱ्या गाठी, फक्त 13 टक्के. खरा फायदा तर पॉलिप वेळेत काढण्यात आहे.

मग घरून दिलेल्या रक्ताचा उपयोग काय? सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारी तपासणी). आतड्यातली गाठ डोळ्यांना दिसणार नाही इतकं थोडं थोडं रक्त गाळत राहते, शरीरातलं लोह संपत जातं. पुरुषाचं हिमोग्लोबिन 13 च्या खाली, पाळी गेलेल्या बाईचं 12 च्या खाली, सोबत एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि फेरिटिन कमी, असं दिसलं की ‘अंगात रक्त कमी आहे’ म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्या सुरू करणं घातक आहे. गोळ्यांनी आकडा सुधारतो, गाठ तिथेच राहते. रक्त जातंय कुठे, हे आधी विचारा. ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढतं, हेही लक्षात ठेवा. आणि सीबीसी नॉर्मल आली म्हणून कॅन्सर नाही, असंही नाही.

रक्त घेताना दंडाचा पट्टा मिनिटभराच्या वर नको. आधी फेरिटिनची पिवळी ट्यूब, मग सीबीसीची जांभळी. जांभळी लगेच 8-10 वेळा हळूच उलटसुलट करायची. नाहीतर बारीक गुठळ्या होतात आणि प्लेटलेट खोट्या कमी येतात. जोरात हलवली तर पेशी फुटतात. जतच्या उन्हात डिकीत ठेवलेला नमुना बिघडतो. थंड पेटीच हवी, पण ट्यूब बर्फाला चिकटवून नको.

यापुढची पायरी म्हणजे शौचाची फिट तपासणी, म्हणजे शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी. आमच्या मते लक्षणं नसलेल्याने सुरुवातच इथून करावी. ती माणसाचंच हिमोग्लोबिन शोधते, म्हणून मटण किंवा लोहाच्या गोळ्या बंद कराव्या लागत नाहीत. भारतीय संडासात कागद पसरून शौच त्यावर घ्या, पाणी-लघवी लागू देऊ नका. किटमधली काडी शौचात चार-पाच ठिकाणी फिरवा. काडीवरच्या खाचा भरल्या की पुरे, जास्त घेतल्याने निकाल बिघडतो. झाकण घट्ट लावून तारीख लिहा. पाळी चालू असताना नमुना घेऊ नका. उष्णतेने हिमोग्लोबिन मोडतं आणि निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून पाटणच्या खोऱ्यातून नमुना पाठवायचा तर त्याच दिवशी पाठवा.

फिट पॉझिटिव्ह आली तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून पुन्हा फिट करत बसू नका. थेट कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी. शौचातून रक्त दिसत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, वजन उतरत असेल, किंवा आई-वडील, भावंडांत कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर फिटसाठी न थांबता पोटविकाराच्या डॉक्टरांकडे जा.