दोनचा गजर

मंगळवार, पहाटे तीन

गजर दोनला वाजला आणि मी उठले. डोळे पुरते उघडलेही नव्हते. ओट्याशी गेले, ते दोन चमचे काढले, एकात गोळी ठेवून दुसऱ्याने दाबायची म्हणून हात पुढे केला आणि तोंडातून रोजचंच निघालं, "प्रभू, आईला झोप लागू दे."

चमच्यात गोळी नव्हती. आईला शिवडीच्या सिमेट्रीत ठेवून एकोणीस दिवस झाले.

तिथेच उभी राहिले. लहान चमचा दाबून दाबून चपटा झालाय, खोलगट भागात पांढरी पूड बसलीय ती घासूनही जात नाही. दर चार तासांनी गोळी, चौदा महिने. ती पेजेत कालवायची आणि हे एक वाक्य म्हणायचं.

आपल्या प्रोटेस्टंट लोकांत गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. जो गेला तो प्रभूच्या हातात, मागायचं काही उरत नाही, हेच लहानपणापासून ऐकलंय. खालच्या मजल्यावरच्या कॅथलिक आंटीने आईच्या नावाने त्यांच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगितली तेव्हा मी नुसती मान हलवली. त्यांच्यात असतं, आमच्यात नसतं, एवढंच मनात आलं. आणि आज मीच ओट्याशी उभी राहून आईसाठी मागतेय. नुसती जिभेची सवय आहे ही? की ती गेली हे मी अजून मानलेलंच नाही? अंत्यविधीला तर सगळ्यांच्या आधी माझंच 'आमेन' निघालं होतं.

मार्चनंतर मी तिला बरं कर असं मागणंही सोडलं होतं. फक्त झोप मागायचे. तीही बहुतेक रात्री मिळाली नाही. ती कण्हायची, मी पलंगाच्या कडेला. दादा वहिनीला घेऊन त्या महिन्यात... जाऊ दे. पण रात्री मी एकटीच होते, हे खरं आहे. आणि प्रभूने एवढी साधी गोष्टही दिली नाही, हेही खरं आहे.

मग आईचं पवित्र शास्त्र, तिचं बायबल, उघडलं. योहानाचा ११ वा अध्याय. आपला मित्र लाजर झोपला आहे, असं येशू शिष्यांना सांगतो. शिष्य म्हणतात, झोप लागलीय ना, मग बरा होईल. शेवटी त्याला उघड सांगावं लागतं, लाजर मेला आहे. माझंही त्या शिष्यांसारखंच झालं. आईच्या बातमीत दादाने 'प्रभूमध्ये झोपी गेली' असंच लिहिलं, आपण सगळे तसंच लिहितो. पाळकसाहेब तर कबरीपाशी म्हणाले होते की 'सिमेट्री' हा शब्दच ग्रीकमधल्या झोपायच्या जागेवरून आलाय. तेव्हा माझं लक्ष नव्हतं. १८६५ पासूनची ती सिमेट्री, कबरीला कबर लागलेली, आणि मी दादाच्या चपलेला लागलेल्या चिखलाकडे बघत होते.

म्हणजे मागितलेली झोप दिली म्हणायचं? असं मनात आलं आणि रागच आला. अशी झोप मी मागितली नव्हती. मला ती या पलंगावर हवी होती, सकाळी उठून चहा मागणारी.

पण त्याच अध्यायात, चार दिवसांच्या मेलेल्या लाजराला आपण जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही, येशू रडला. आईने त्या ओळीशी पेन्सिलीने एक बारीक टिंब दिलंय. नगरकडची माझी आई, असल्या प्रश्नांत ती कधी पडली नाही. मी काही विचारलं की म्हणायची, "त्यालाच विचार की, मला काय विचारती?" दुसरं टिंब ८८ व्या स्तोत्राशी आहे. ते अंधारातच संपतं, शेवटपर्यंत उजेड येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. इतकं कडू बोललेलंही त्याने ठेवून घेतलं, मग माझं चुकीच्या वेळी म्हटलेलं वाक्य तो काय टाकून देणार आहे?

पण चौदा महिन्यांत मी घराच्या नोटिशीबद्दल त्याला एक शब्द बोलले नाही. दादाच्या नोकरीबद्दल नाही, स्वतःबद्दल तर नाहीच. आता बोलायला बसले तर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मधे अर्धा तास नुसती बसून होते. काही मागितलं नाही. तो ऐकतोय एवढं मात्र वाटत राहिलं, आणि पुष्कळ दिवसांनी घसा मोकळा झाला.

यावेळी भायखळ्यात लोकलचाही आवाज नसतो. पहिली गाडी चारनंतर. अकराला दादाबरोबर वकिलाकडे जायचंय, कागद आईच्या ट्रंकेत आहेत, ते काढावे लागतील.

चमचे धुऊन ड्रॉवरमध्ये ठेवले. गजर काढायला मोबाइल हातात घेतला होता, तसाच ठेवला. दोनला त्याच्याशी बोलायची सवय झालीय, ती मोडवत नाही.