बबल कार: दुसऱ्या गिअरचं भूत एकदाचं सापडलं!

मागच्या वेळी सीटच्या कापडाचे फोटो टाकीन म्हणालो होतो. ते राहिलं. गेले पाच शनिवार आमच्या बबल कारच्या, म्हणजे एकाच डब्याच्या जुन्या ब्रिटिश डिझेल रेल्वेगाडीच्या, दोन इंजिनांपैकी दोन नंबरच्या इंजिनाने खाल्ले.

दुखणं आठवत असेलच: पहिला गिअर ठीक, तिसरा ठीक, दुसऱ्यात टाकलं की इंजिन नुसतं ओरडतं. सपाटीवर कळतही नाही, कारण एक नंबरचं इंजिन बिचारं एकटं ओढतं आणि फ्रीव्हीलमुळे (चाकं पुढे धावली की इंजिन आपोआप सुटं होतं) दुसरं आड येत नाही. चढ लागला की मात्र सोंग उघडं पडतं. आमच्या जतन केलेल्या जुन्या रेल्वे लाइनवर ताशी २५ मैलांची मर्यादा, म्हणजे गाडीचं उरलेलं आयुष्य दुसऱ्या गिअरमध्येच जाणार. नेमका तोच रुसलेला.

ईपी व्हॉल्व्हवर, म्हणजे गिअर पडण्यासाठी नळीत हवा सोडणाऱ्या विजेवरच्या झडपेवर, माझा पक्का संशय होता. दोन्ही इंजिनांचे व्हॉल्व्ह अदलाबदल केले. दोष जागचा हलला नाही. वायरिंग तपासलं, २४ व्होल्ट बरोबर पोचतायत. नळ्यांना साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. गिअरबॉक्स उतरवायचा ठरला, क्रेनची तारीखही मागितली.

मग चहा पिताना आमच्यातले एक निवृत्त फिटर म्हणाले, "तू साबण लावतोस तेव्हा इंजिन चालू असतं का?"

नव्हतं.

इंजिन चालू केलं, गाडी ब्रेकवर, गिअर न्यूट्रलमध्ये. ईपी व्हॉल्व्ह हाताने दाबून दुसऱ्याच्या नळीत हवा सोडली. थ्रॉटल पहिल्या नॉचवर (टप्प्यावर), काही नाही. दुसऱ्या नॉचवर एका क्लिपखालून फेस फसफसायला लागला! क्लिप काढली तर खाली जुना डाग दिलेला (सोल्डर केलेला) सांधा, त्यात केसाएवढी चीर. थरथर वाढली की उघडते, थांबली की मिटते. बबल कारचं कोडं बुडबुड्यांनीच सोडवलं म्हणायचं.

तो डाग कुणी दिला असेल? १९६० साली प्रेस्ड स्टील कंपनीने स्कॉटलंडमधल्या लिनवुडला अशा १६ गाड्या बांधल्या. ब्रिटिश रेल्वेच्या वेस्टर्न रीजनच्या फाट्यांवर त्यांनी आयुष्य काढलं, मग काही जणी पानगळीत रुळांवर सँडाइट (चाकं घसरू नयेत म्हणून वाळूचा चिकट लगदा) टाकत फिरल्या. दोघींना तर चिल्टर्न रेल्वे कंपनीने पुन्हा प्रवाशांसाठी काढलं आणि प्रिन्सेस रिस्बरो ते एल्सबरी मे २०१७ पर्यंत पळवलं. सकाळी गाडी सुटायलाच हवी म्हणून रात्री डेपोत कुणीतरी केलेलं हे काम असावं, असा माझा अंदाज. हात सफाईदार होता. तुकडा कापून ठेवलाय, टाकवत नाही.

नवी नळी बसली. परवा चढावर दोन्ही लेलँड इंजिनं एका सुरात गायली आणि मला थेट लाल डब्याची एसटी आठवली.

एक सूचना: गळती शोधायचे महागडे स्प्रे घेऊ नका, भांड्यांचा साबण पुरतो. फक्त त्यात मीठ असतं, नंतर धुऊन काढा.

आता दोन्ही इंजिनांच्या गिअरच्या आठही हवेच्या नळ्या तांब्याच्याच नव्या करणार... हे लिहितानाच वाटतंय, लवचीक होज का नको? आणि मुळात दोन नंबर एवढं थरथरतं का? माउंटिंगची रबरं बसली असतील. म्हणजे आधी तीच. सीटचं कापड पुन्हा कपाटात.

होज कुणी वापरलेत का? दर आणि अनुभव दोन्ही कळवा.