शेकडो स्टेप्समधली एक

शनिवार, नाइट शिफ्टनंतर

झोप येत नाहीये. खिडकीच्या फटीतून वारा शीळ घालतोय. तैवानमधल्या या शिंचूला वाऱ्याचं गाव म्हणतात ते उगीच नाही. पण जागं ठेवलंय ते वाऱ्याने नाही, ज्यांच्या हाताखाली शिकतेय त्या काकांच्या एका वाक्याने.

कँटीनमध्ये मी सहज विचारलं होतं, की वेफर, म्हणजे चिप्स ज्यावर बनतात ती सिलिकॉनची चकती, आपल्याकडे येण्याआधी लिथोवाले, म्हणजे प्रकाशाने नक्षी उमटवणारे, त्या लेयरला नेमकं काय काय करतात. रेझिस्टची, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील लेपाची, जाडी, बेकचं तापमान, असं काहीतरी ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. काका नूडल्स खाता खाता म्हणाले, "ते लिथोवाल्यांना विचार. मी एचिंगचा माणूस." तक्रार नाही, खंत नाही. बावीस वर्षं झालीत त्यांना एचिंगमध्ये, लिथोवाल्यांनी उमटवलेली नक्षी प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित वायूने, कोरण्याच्या कामात.

माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. मी धड चालायलाही शिकले नसेन, तेव्हापासून हा माणूस एकाच जातीच्या मशीनसमोर उभा आहे. मीही अशीच उभी राहणार का?

डोक्यावरच्या रुळावरून डबा येतो, त्यात पंचवीस वेफर्स. आमच्या मशीनवर उतरतो, एकेका वेफरवर काही मिनिटं प्लाझ्मा चालतो, डबा पुन्हा वर जातो आणि दिसेनासा होतो. एका वेफरचा फॅबमधला, म्हणजे चिप्सच्या कारखान्यातला, मुक्काम दोन-तीन महिन्यांचा, स्टेप्स शेकडो. त्यातल्या मोजक्या आमच्या. पुढे त्यातून कापलेली चिप कुणाच्या गाडीत गेली की कुणाच्या टीव्हीत, काही कळत नाही. बेंगळुरूला डिझाइनमध्ये लागलेले वर्गमित्र ग्रुपवर "आमची चिप टेपआउट झाली" असं लिहितात, म्हणजे डिझाइन पूर्ण होऊन कारखान्याकडे गेलं. मी काय लिहू? आमचं भोक व्यवस्थित पडलं?

कॉलेजात चार वर्षं मॉसफेटची, चिपमधल्या ट्रान्झिस्टरची, आकृती काढली. सोर्स, गेट, ड्रेन, सरळ रेघांचे चौकोन. त्या रेघा कुणीतरी कोरतं, त्यासाठी कुणीतरी रात्रभर जागं असतं, हे कुणी सांगितलंच नाही. म्हणून तर मी डिझाइन सोडून फॅबकडे वळले होते ना? मग आता हे रडू कशाचं?

आईचा परवाचा फोन आठवतोय. "तळेगावचं झालं असतं तर दर रविवारी घरी आली असतीस." आता तिला पुन्हा काय सांगणार? तळेगावला येणार म्हणत होते तो वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प 2022च्या सप्टेंबरमध्ये गुजरातला गेला आणि पुढच्या जुलैत ती भागीदारीच मोडली. आता गुजरातमधलंच धोलेरा. 2024च्या मार्चमध्ये पायाभरणी झाली, 91,000 कोटींचा फॅब, महिन्याला 50,000 वेफर्सची क्षमता. हे आकडे बाबा सगळ्यांना सांगत असतात. बाबांचंही कुपवाड एमआयडीसीत तीस वर्षं एकच लेथ... जाऊ दे.

खरं कारण तो फॉर्म आहे. सोमवारपर्यंत भरून द्यायचाय: ट्रेनिंग संपल्यावर एचिंगमध्येच राहणार, की प्रोसेस इंटिग्रेशनला जाणार. इंटिग्रेशनवाल्यांना पहिल्या स्टेपपासून शेवटच्या स्टेपपर्यंत अख्खा फ्लो दिसतो. यील्ड, म्हणजे चांगल्या निघालेल्या चिप्सचं प्रमाण, पडलं की सगळी मॉड्यूल्स, एचिंग-लिथोसारखे विभाग, त्यांच्यासमोर उभी. माझं मन तिकडेच होतं. काकांचं वाक्य ऐकल्यावर तर पक्कंच झालं होतं.

पण मग कालची रात्र झाली.

ज्यात प्लाझ्मा चालतो त्या एका चेंबरचे आरएफ तास, म्हणजे प्लाझ्मा चालल्याचे तास, भरले होते, म्हणून तो पीएमसाठी, ठरावीक देखभालीसाठी, उघडायचा होता. नायट्रोजनने पुन्हा पुन्हा पर्ज करून, म्हणजे आत उरलेले वायू बाहेर काढून, थंड करून, झाकण वर घेतलं. आतल्या भिंतींवर पॉलिमरचा तपकिरी थर. रिंग बदलली, शील्ड बदलली. मग पुसणं. आयपीएने, म्हणजे एका अल्कोहोलने, भिजवलेला वाइप (पुसायचं कापड) चौपदरी घडी करून एकाच दिशेने फिरवायचा, प्रत्येक वेळी नवी बाजू, फिरवलेली बाजू परत भिंतीला लावायची नाही. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत. झाकण बंद केलं, पंप चालू केला, मग व्हॉल्व्ह बंद करून लीक चेक, म्हणजे हवा आत झिरपून दाब किती चढतो ते बघणं. आकडा स्पेकमध्ये, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत, होता. मी चेकलिस्टवर टिक करायला पेन उचललंही.

काका स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणाले, "स्पेकमध्ये आहे. पण हा चेंबर इतका चढत नाही कधी."

पहाटेचे तीन वाजलेले, उत्पादनवाले मशीन कधी देता म्हणून विचारतायत, आणि काकांनी चेंबर पुन्हा उघडायला लावला. झाकण हवाबंद करणारी ओ-रिंग काढली, तिच्या खाचेतून हातमोज्यातलं बोट अगदी सावकाश फिरवलं, एका जागी थांबले, टॉर्च तिरका धरला. वाइपचाच एक धागा. इतका बारीक, की उजेड सरळ पडला की दिसतच नव्हता. चिमट्याने उचलून त्यांनी तो माझ्यासमोर धरला. बोलले काहीच नाहीत. पुन्हा बंद, पुन्हा पंप. आकडा खाली आला, त्या चेंबरच्या नेहमीच्या जागी.

हे स्पेकमध्ये कुठे लिहिलंय? कुठेच नाही. ते काकांकडे आहे, आणि चेंबर बंद व्हायच्या आत त्यांनी ते मला दाखवलं.

तैवानने 1976 मध्ये आपल्या तरुण इंजिनिअरांची तुकडी अमेरिकेत आरसीए या कंपनीकडे चिप बनवायला शिकायला पाठवली होती. तीही अशीच परक्या गावात एकेक मशीन शिकली असणार. आपल्याकडे मोहालीतल्या सरकारी फॅबमध्ये 1984 मध्ये उत्पादन सुरू झालं होतं आणि 1989च्या आगीत ते जळालं. इमारत पुन्हा उभी राहिली, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. मशीन पैसे मोजून आणता येतं. "हा चेंबर इतका चढत नाही" असं म्हणणारं माणूस आणता येत नाही, ते तिथेच वाढावं लागतं. धोलेरात पहिल्यांदा चेंबर उघडतील तेव्हा असं कोण म्हणणार?

खड्डा अजून पूर्ण भरलेला नाही, हेही लिहून ठेवते. अख्खा फ्लो बघायची हौस आहेच, ती राहील. सुट्टीच्या दिवशी लिथोवाल्यांच्या मागे लागून त्यांचं काम समजून घ्यायला मला कुणी अडवत नाही.

फॉर्मवर एचिंग लिहिलंय. आईला उद्या फोन करीन तेव्हा सांगेन. बाबांना मात्र तो धागा कसा सापडला ते सगळं पहिल्यापासून सांगायचंय.