सांडलवंडीचं वर्ष

ट्रॉली ओढली की उघडते, डब्याचं झाकण दातांनी निघतं आणि डबा उलटा केला की आतलं सगळं बाहेर येतं, हे तीन शोध आमच्या लेकीने चालायला लागल्यावर एकापाठोपाठ एक लावले. मग काय, रोज नवा उद्योग. कणकेत फतकल मारून बसायचं आणि दोन्ही ओंजळींनी पीठ डोक्यावर घ्यायचं, बाबांच्या बुटात साबुदाणा भरायचा, देवघरातल्या कुंकवाने फ्रिजचं दार रंगवायचं. 'लहान आहे, चालायचंच' असं म्हणणाऱ्यांच्या घरी पुसायचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी असतं, हे माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे ते माझ्याकडे होतं. नवरा सकाळी सातला बाहेर पडतो, मी घरून काम करते. त्यामुळे कशाला काय लागू पडतं, हे मला भराभर कळत गेलं. पीठ सांडलं की ओलं फडकं अजिबात लावायचं नाही. त्याची खळ होते आणि फरशीच्या सांध्यांत जाऊन बसते. आधी मऊ केरसुणीने सुपलीत गोळा करायचं, पुसणं नंतर. हे पीठ मी फेकत नाही, एका डब्यात ठेवते, कारण तेल सांडल्यावर तेच कामाला येतं. तेलावर पाणी ओतलं तर ते घरभर पसरतं. त्याऐवजी त्यावर पीठ भुरभुरायचं, तेल पिऊ द्यायचं, पुठ्ठ्याने खरवडून रद्दीत गुंडाळायचं आणि मग गरम पाणी व भांड्यांचा साबण घेऊन पुसायचं. तेवढा वेळ लेकीला पाळण्यात डांबायचं, नाहीतर ती घसरगुंडी सुरू करते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फ्रॉकवर रक्तच दिसलं. घाबरायचं कारण नाही, कपडा नीट धुऊन कडक उन्हात टाकायचा, हळदीचा रंग ऊनच खातं. मेणाच्या खडूंचं मात्र भिंतीवर अवलंबून. पॅसेजमध्ये ऑइल पेंट आहे, तिथल्या रेघा ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन हलक्या हाताने निघाल्या. हॉलला डिस्टेंपर. तिथे खडूच्या आधी भिंतीचा रंग निघाला.

पण पुसण्यात कितीही तरबेज झाले तरी सांडणं काही थांबेना. 'नाही' म्हटलं की ती माझ्याकडे बघत, गालात हसत, तेच परत करायची. ओरडले की भोकाड. माझ्या नाकी नऊ आले होते.

तेवढ्यात सासूबाई राहायला आल्या. त्यांची सगळी नोकरी डहाणूकडच्या बालवाडीत झाली, शिक्षण कोसबाडचं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. महागडी साधनं न आणता आजूबाजूच्या बिया, शिंपले, खडे घेऊन पाड्यावरच्या मुलांना शिकवायची त्यांची आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांची पद्धत. ती सासूबाईंच्या हाडीमाशी भिनलेली आहे. दोन दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, "अगं, तिला ओतायचंय. तू तिला ओतायला काही दिलंयस का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाथरूममध्ये परात मांडली. त्यात चार बोटं पाणी, एक फुलपात्र, दोन वाट्या, चहाची गाळणी. लेक उकिडवी बसली. जीभ बाहेर काढून तिने फुलपात्र वाटीत रिकामं केलं, अर्धं बाहेर गेलं, तिने वाटीत वाकून पाहिलं आणि पुन्हा भरलं. अर्धा तास तिने मान वर केली नाही. मी कडधान्य द्यायला निघाले तर सासूबाईंनी हात धरला. "हरभरे नकोत. नाकात घालेल नाहीतर गिळेल. रवा दे." खेळ संपला की तिच्या हातात तिचं स्वतःचं फडकं. ती जे पुसते त्याने ओल वाढतेच, पण पुसते मनापासून.

सगळ्यात खालची ट्रॉली आता तिची आहे. तिच्यात स्टीलच्या ताटल्या, चाळणी, रवी, जुनी झाकणं. माझी मीटिंग चालू असताना माईक बंद ठेवावा लागतो, एवढाच त्रास. बाकी ट्रॉल्यांच्या कड्यांना आम्ही जाड दोरी बांधलीय.

काही बाबतींत मात्र लाड नाहीत. फिनेल, डांबराच्या गोळ्या, औषधं, रिमोटमधले चपटे सेल, सगळं माळ्यावर. तो चपटा सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, त्यामुळे नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. बादली रिकामी आणि पालथी, परातीच्या खेळाला मोठं माणूस शेजारी बसलेलं हवंच. टाल्कम पावडरचा डबाही हद्दपार झाला, उधळलेली पावडर श्वासावाटे आत जाते म्हणून.

सांडणं बंद झालेलं नाही. परवाच तिने ताकाचं पातेलं सोफ्यावर पालथं केलं. पण कणकेच्या डब्याकडे ती आता फारशी फिरकत नाही. हॉलच्या भिंतीला खालून दोन फुटांपर्यंत आम्ही कागद चिकटवलाय आणि त्याच्या वर हात पोचेल तिथवर रेघा आहेतच. घर भाड्याचं आहे. सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जाणार, हे आम्ही दोघं धरूनच चाललोय.