त्या ज्वालामुखीचे तोंड कुठे आहे?

पुण्यातल्या टेकड्यांवर माझ्याबरोबर खडक पाहायला येणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: सह्याद्री ज्वालामुखीतून घडला असेल, तर तो ज्वालामुखी आहे कुठे? तुम्हीही विचारलेत म्हणून सांगतो. उत्तर मला आधीपासून ठाऊक होते, परंतु डोळ्यांना ते पटले एका डिसेंबरच्या दुपारी, समुद्रावरून पुण्याकडे येणाऱ्या विमानाच्या खिडकीतून.

किनारा प्रथम दिसला तो फेसाच्या बारीक पांढऱ्या रेघेसारखा आणि तिला लागूनच काळी पट्टी होती. लाटांनी घासून जवळजवळ सपाट केलेला हा कातळ हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेत अनेकांच्या पायांखालून गेला असेल.

काही मिनिटांतच घाटाची भिंत आली आणि मी खिडकीला नाक लावले. उतरत्या उन्हात तिच्यावरचे पट्टे स्पष्ट दिसत होते: काळा कडा, त्याखाली झाडीची हिरवी रेघ, पुन्हा कडा, पुन्हा झाडी. लाव्हाच्या थरातला घट्ट भाग कडा होऊन उभा राहतो, तर सच्छिद्र भाग झिजतो, तिथे माती धरते आणि झाडे रुजतात. मला सर्वांत विलक्षण वाटले ते असे, की एका डोंगरावरचा पट्टा दरीपाशी तुटतो आणि पलीकडच्या डोंगरावर जवळपास त्याच उंचीवर पुन्हा सुरू होतो. म्हणजे हे डोंगर वेगवेगळे उभे राहिलेले नाहीत. एकच अखंड पठार होते आणि पाण्याने त्यात दऱ्या कोरल्या. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो स्वीडिश भाषेतला पायऱ्यांचा शब्द आहे.

तेव्हा शंकूच्या आकाराचा, माथ्यावर तोंड असलेला एखादा डोंगर शोधू नका. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून आलेला पातळ लाव्हा पुरासारखा पसरत गेला. आज उरलेला खडकच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो. भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंतींना डाइक म्हणतात. त्या अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर आहेत, आणि धुळे-नंदुरबारकडे तर कोणी बांधून ठेवल्यासारख्या माळावर उभ्या आहेत. प्रत्येक डाइकमधून लाव्हा वर आलाच असे नाही, पण ‘तोंड’ म्हणून बोट दाखवायचे तर अशाच भेगांकडे दाखवावे लागेल.

हे सारे एका दमात घडले का, असेही पुढे विचारले जाते. त्याचे उत्तर मात्र विमानातून दिसत नाही. घाटरस्त्यासाठी फोडलेल्या डोंगरात दोन काळ्या थरांमध्ये कधी कधी विटकरी रंगाचा मऊ पट्टा असतो. एक लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या माथ्यावर बराच काळ ऊनपाऊस होत राहिला, तिथे माती झाली, आणि पुढच्या लाव्हाने ती भाजली. नखाने खरवडली, तर ती आजही गेरूसारखी बोटांना लागते.