पाच किलो मीठ

शिरोड्याला जाऊन आले. मांडवी एक्सप्रेस, कुडाळ, पुढे लाल डबा. वेळागरच्या किनाऱ्यावर दोन दिवस काढले, त्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुरूचं बन अजून आहे, गर्दीही आहे. खोली 'सी व्ह्यू' म्हणून घेतली होती आणि खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती. सकाळी पेज मिळेल का विचारलं तर मालक ओशाळून म्हणाला, "ती आम्ही घरात खातो, पाहुण्यांना नाय देत." रात्री ताटात पनीर आलं. कोकणात समुद्रापासून शंभर पावलांवर पनीर! असो.

पेजेचं एवढं मनाला लागलं, कारण अम्मा इथे टिकली ती पेजेवर. ती कोट्टयमची. १९७९ साली, एकोणिसाव्या वर्षी, रेडीच्या खाणीवर कामाला असलेल्या थोरल्या भावाचं घर सांभाळायला आली. भाषा परकी, माणसं परकी, पण उकड्या तांदळाची पेज म्हणजे तिच्या घरची कंजीच. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती, सगळा मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ला. तोवर माहेर म्हणजे एसटीने बेळगाव आणि मग गाड्या बदलत दोन रात्री. त्या एकोणीस वर्षांत ती सातदा गेली.

नर्सिंगला गेली ती दहावीच्या मल्याळी सर्टिफिकेटावर. दीड वर्षाचं ट्रेनिंग, सगळं मराठीत. तिच्या वह्या माझ्याकडे आहेत. 'गर्भाशय', 'जंतुसंसर्ग', 'नाळ' असे शब्द मल्याळी लिपीत गोल गोल लिहून तिने पाठ केलेत. मराठीतला लिंगभेद मात्र शेवटपर्यंत हाती लागला नाही. 'माझा पोरगी', 'तो सुई'. उलट ळ तिचा आम्हा सगळ्यांपेक्षा सुरेख. 'बाळ' म्हणावं तर तिनेच.

तिसऱ्या दिवशी मिठागरांकडे गेले. १९३०चा सत्याग्रह याच शिरोड्याच्या मिठावर झाला, शाळेत घोकला होता. माझ्या डोक्यात मात्र ते बांध म्हणजे अम्माची वाट. खांद्याला लशींचा निळा डबा, त्यात बर्फाच्या चार विटा, आणि दोन्हीकडे खारं पाणी. डिसेंबर १९९५मध्ये पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची. पोरांच्या डाव्या करंगळीला शाईची खूण करायचं काम माझ्याकडे असायचं. २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त झाल्याची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा अम्मा बांगडे साफ करत होती. "आमचा नाव घेतला काय?" एवढंच तिने विचारलं.

बांधाच्या टोकाला एक म्हातारी मिठाची रास घेऊन बसली होती.

"खयसून इलंस गो?"

पुण्याहून, म्हटलं. पण माझी आई इथे सिस्टर होती. आणि उपकेंद्राचं गाव सांगितलं.

"ती मद्रासीण? तिचा चेडू तू?"

हा शब्द मला लहानपणापासून टोचतो. पस्तीस वर्षं ज्या गावांची बाळंतपणं केली, त्यांनी नाव काय ठेवलं तर मद्रासीण. "मद्रासी नाही आजी, केरळची."

"ताच मां ता."

मग ती एकदम म्हणाली, "तुज्या आवशीन माजा ऑपरेशन करून घेतल्यान. दोन चेडवांवर. घोव सा म्हयने बोलाक नाय माज्याशी."

मी मनातल्या मनात वकिली सुरू केली. १९९६पर्यंत प्रत्येक नर्सच्या डोक्यावर कुटुंब नियोजनाचं टार्गेट असायचं, नाही झालं तर वरून बोलणी. अम्मा मार्च महिन्यात जेवायची नाही नीट. पण या बाईला ते काय सांगणार? आणि टार्गेटसाठीच नेलं नसेल, हे मी तरी कशाच्या जोरावर सांगू?

तेवढ्यात आजी उठली. पदर खोचला, एक हात कमरेवर, दुसऱ्याचं बोट हवेत, आणि माझ्यामागे जणू तिची सासू उभी आहे अशा थाटात कडाडली, "सासूबाय! हा पोरगी मरला तर भाकरी कोण करतो? तुमचा मुलगा करतो?"

अम्माचा आवाज. तोच चढ, वाक्याच्या शेवटी तोच झटका. चार वर्षं झाली अम्माला जाऊन. माझ्याकडे तिचं एकही रेकॉर्डिंग नाही. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत आहे, पण तिथे वर सनई लावलीय. मी "परत एकदा" म्हटलं. आजीने परत केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा स्वतःच हसत सुटली.

"तेवा शिव्या घातलंय तिका," खाली बसत ती म्हणाली. "रगात नाय होता आंगात. मीठ किती दिवू?"

पाच किलो म्हटलं. एक रुपया कमी केला नाही तिने.

पुण्यात फ्लॅटमध्ये दोघं माणसं, पाच किलो जाडं मीठ करायचंय काय? पिशवी सीटखाली ठेवली होती. रत्नागिरीच्या आसपास मीठ पाझरायला लागलं. समोरच्या बाईंनी पाय वर घेतले, नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "मासे आहेत का हो?"